माळ्यावरचा सागवानी खोका

यंदा आषाढात मंडळाच्या खोलीला रंग द्यायचे ठरले आणि माळ्यावरचे सगळे सामान खाली काढावे लागले. थर्माकोलचे जुने सिंहासन (अर्धे उंदरांनी संपवलेले), तीन समया, नाटकाचा एक पडदा, आणि सर्वांत मागे भिंतीला टेकवलेला सागवानी खोका. झाकणावर लाल तेलरंगात लिहिलेले होते : 'हात लावू नये. चालू असताना तर नाहीच.' कार्यकारिणीतल्या मुलांनी तो भंगाराच्या ढिगावर ठेवला होता. त्यात त्यांचा काही दोष नाही. आत नुसत्या तारा, हिरवट पडलेली एक पाटी आणि चार प्लगपॉइंट दिसत होते. आम्ही तिघे तेव्हा तिथे चहा घेत बसलो होतो. तिघेही सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. आम्ही तो ढिगावरून उचलून पुन्हा टेबलावर ठेवला, तेव्हा मुलांनी विचारले की यात एवढे काय आहे. आम्ही सांगू लागलो, ते अर्ध्या तासात संपेना. स्मरणिकेच्या संपादकांनी म्हटले, मग लिहूनच द्या.

खोक्याकडे येण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण हैदराबादेतल्या आपल्या मराठी घरांत तारा जोडण्याची हौस गणपतीच्या रोषणाईपासून सुरू झालेली नाही. ती कानापासून सुरू झाली.

या शहरातला रेडिओच मुळी एका हौसेतून जन्मला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला चिराग अली गल्लीत महबूब अली नावाच्या गृहस्थांनी २०० वॅटचे एक खासगी केंद्र चालवले. २०० वॅट म्हणजे आजच्या दोन-तीन जुन्या बल्बांएवढी वीज, पण शहरापुरती पुरेशी. १९३५ साली निजाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि त्याचे 'दक्कन रेडिओ' झाले. औरंगाबादलाही संस्थानचे एक केंद्र होते. मुख्य भाषा उर्दू. त्याबरोबर तेलुगू, मराठी, कानडी कार्यक्रमही लागत. आमच्या आजोबांच्या पिढीने घरात ऐकलेला पहिला यंत्रातला मराठी आवाज बहुधा तोच.

आता ऐकायचे कशावर? बाजारातला व्हॉल्व्हचा सेट म्हणजे वकील-डॉक्टरांच्या दिवाणखान्यातली वस्तू. शाळामास्तरांच्या आणि कारकुनांच्या मुलांकडे असे ते क्रिस्टल सेट. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुठ्ठ्याच्या नळीवर इनॅमलच्या तारेचे शंभरएक वेढे, शेजारी फिरता कंडेन्सर (आम्ही त्याला पुढे 'गँग' म्हणू लागलो), गॅलेना नावाच्या चकचकीत खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेली बारीक तार आणि कानाला लावायचा हेडफोन. गच्चीवर लांब तारेची एरियल आणि नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेले अर्थिंग. बॅटरी नाही, विजेचे कनेक्शन नाही. हवेतून येणाऱ्या लहरीतली जी चिमूटभर शक्ती एरियलवर पडते तिच्यावरच तो हेडफोन कुजबुजतो. खडा एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे लहरीवर स्वार झालेला आवाज वेगळा होतो. खड्यावरची नेमकी जागा शोधण्यात मात्र संध्याकाळ जाई, आणि सापडलेली जागा कोणी जोरात दार लावले की हरवे. या गॅलेनाच्या शोधकाचे पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांच्या नावावर आहे, १९०४ सालचे. ते आम्हाला कॉलेजात कोणी सांगितले नाही, फार नंतर कळले.

क्रिस्टल सेटला एक मर्यादा होती, आणि इथे ही हौस निव्वळ हौस राहत नाही. त्याला फक्त जवळचे केंद्र पकडता येते. हैदराबादेत जवळचे केंद्र एकच होते. म्हणजे ज्याच्या घरी खडा आणि वेढे, त्याला निजाम सरकार सांगेल तेवढेच ऐकू येई. दुसरी बाजू ऐकायची तर दिल्ली, मुंबई किंवा मद्रास लागायला हवे, आणि त्यासाठी आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह हवा.

१९४७ चा ऑगस्ट उलटला आणि संस्थान भारतात नाही, अशी ती तेरा महिन्यांची ताणलेली स्थिती आपल्यातल्या प्रत्येक जुन्या घराने आपापल्या परीने सांगितलेली आहे. रझाकारांच्या गोष्टी, रात्री निघालेल्या बैलगाड्या, सोलापूरकडे पाठवलेल्या बायका-मुली. त्यातली एक गोष्ट आम्ही लहानपणी तारांच्या अंगाने ऐकली. आमच्यातल्या एकाच्या काकांनी काचीगुड्याच्या घरात एका व्हॉल्व्हचा सेट जुळवला होता. गच्चीवरची एरियल कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून तिच्यावर धोतरे वाळत घातलेली असत. रात्री सगळे निजले की मुंबई किंवा दिल्लीच्या शॉर्टवेव्हवरच्या बातम्या हेडफोनवर ऐकायच्या आणि सकाळी देवळात, दूधवाल्याकडे, दोघा-तिघांना हलक्या आवाजात सांगायच्या. एक व्हॉल्व्ह पुरत नाही, म्हणून त्याच्याकडून दुप्पट-तिप्पट काम करून घेणारी 'रिअॅक्शन'ची जोडणी असे : वाढलेला आवाज थोडासा पुन्हा मागे फिरवून त्याच व्हॉल्व्हला द्यायचा. पण हे बटण केसभर जास्त फिरले की सेट ऐकायचे सोडून स्वतःच लहरी सोडू लागतो आणि गल्लीतल्या इतर रेडिओंमध्ये शिट्टी वाजते. शेजारी कोण ऐकते आहे हे ठाऊक नसताना ती शिट्टी वाजणे म्हणजे काय, ते काकांचा चेहरा सांगताना दिसे. त्यांनी त्या बटणाला मेणाचा ठिपका लावून ठेवला होता, त्यापुढे जायचे नाही म्हणून.

१७ सप्टेंबर १९४८ ला शस्त्रे खाली ठेवल्याची घोषणा रेडिओवरून झाली. ती मात्र क्रिस्टल सेटवरही ऐकू आली.

१ एप्रिल १९५० ला दक्कन रेडिओ भारत सरकारकडे आला आणि आकाशवाणीचे हैदराबाद केंद्र झाले. आता दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि त्याला कारणीभूत एक मराठी माणूस. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा अस्सल होती. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो त्यांच्याच काळात, आणि शनिवारी रात्री आमच्या घरांतली वडीलधारी मंडळी रेडिओसमोर पाय दुमडून बसत. पण त्याच केसकरांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता देश तिकडे वळला. आकाशवाणीला पुढे १९५७ मध्ये विविधभारती काढावी लागली. केसकरांवर हसणे सोपे आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. भीमसेनांचा तासभर चाललेला ख्याल कारकुनाच्या घरात फुकट पोचवणारा मंत्री आम्हाला वाईट वाटत नाही. फक्त त्याने सोळा वर्षांच्या मुलांचा विचार केला नाही.

सिलोन शॉर्टवेव्हवर होते आणि घरातला स्वस्त सेट मीडियम वेव्हचा. मग गल्लीतली जाणती मुले शॉर्टवेव्हची कॉइल गुंडाळायला लागली. मीडियम वेव्हला शंभर वेढे लागत असतील तर २५ किंवा ३१ मीटरला दहा-बाराच, जाड तारेचे आणि सुटे-सुटे. वडील रागावत; पण बुधवारी आठ वाजता तेही वर्तमानपत्र घेऊन त्याच खोलीत बसत.

कायद्याने हे सगळे परवान्याचे काम होते. १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार रेडिओ नुसता बाळगायलाही परवाना लागे. टपाल कचेरीत पुस्तक मिळे, दरवर्षी पंधरा रुपये भरून त्यावर तिकिटे चिकटवायची. हाताने केलेल्या सेटला सूट नव्हती. १९८५ मध्ये हे परवाने रद्द झाले. आमच्यातल्या एकाच्या वडिलांनी ते पुस्तक शेवटपर्यंत शिधापत्रिकेच्या शेजारी जपून ठेवले होते, आणि मुलाने चपलेच्या खोक्यात केलेल्या दोन ट्रान्झिस्टरच्या सेटसाठी वेगळा परवाना लागेल का, हे विचारायला ते खरोखर कचेरीत गेले होते. तिथल्या बाबूने त्यांना वर-खाली पाहिले आणि म्हटले, "साहब, पहले वो बजता क्या देखो."

ट्रान्झिस्टरने आमची पिढी या नादात आली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत लागलेला हा शोध आमच्या हातात यायला वीस वर्षे लागली. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्ट फिरत असत, म्हणून घरात बंदी. ट्रान्झिस्टरला टॉर्चचे चार सेल पुरत, त्यामुळे आईची परवानगी मिळाली. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२७, एसी १२८ मिळू लागले, डायोड ओए ७९, आणि जुन्या सेटमधून उपटलेले ओसी ७१. हा ओसी ७१ काचेचा, वरून काळा रंग दिलेला. रंग ब्लेडने खरवडला की आतल्या जर्मेनियमवर उजेड पडतो आणि तोच ट्रान्झिस्टर उजेडाने चालणारे बटण होतो. उजेडावर चालणारा खास नग महाग, म्हणून आम्ही हेच करायचो. त्यातून दारात कोणी आले की वाजणारी घंटा केली. पुढे कारखान्याने आत अपारदर्शक लुकण भरायला सुरुवात केली आणि आमची युक्ती बुडाली.

जर्मेनियम उष्णतेला नाजूक. सोल्डरची डाख देताना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते. स्वयंपाकघरातला चिमटा सापडत नाही म्हणून पोळी हाताने शेकावी लागल्याची तक्रार आमच्या तिघांच्याही घरी होती. राळ देवघरातली. रेझिस्टरवरच्या रंगांचे पट्टे वाचायला 'बी. बी. रॉय'चा इंग्रजी मंत्र पाठ. आयएफटीच्या डब्यांचे रंग पिवळा, पांढरा, काळा, ऑसिलेटरचा लाल. ते चुकीच्या क्रमाने लावले की सेट मुका, आणि बाहेरून सगळे ठीकच दिसते.

सुटे भाग यायचे कोठून? आयातीवर बंधने, आणि आमच्या खिशात शाळेच्या डब्याचे पैसे. पहिली जागा जुमेरात बाजार. सिकंदराबादच्या छावणीतून मोडीत निघालेले लष्करी सामान आम्हा मुलांच्या बोलीत 'डिस्पोजल'. महायुद्धातल्या सेटमधले कंडेन्सर, चिनी मातीचे इन्सुलेटर, तांब्याच्या तारांची वेटोळी, सगळे तिथे गोणपाटावर पसरलेले असे. दुसरी जागा कोठीची गुजराती गल्ली. विवेकवर्धिनीतून सुटलो की चालत दहा मिनिटे. तिथल्या एका दुकानदाराने (नाव देत नाही, त्यांचे नातू आता दुसऱ्या धंद्यात आहेत) आम्हाला जे शिकवले ते कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाले नाही. चार आण्यांचा रेझिस्टर मागितला की ते विचारत, "किसलिए?" सांगावे लागे. चूक असेल तर देत नसत. कित्येकदा आम्ही काही न घेता, पण डोक्यात नवी जोडणी घेऊन परत आलो.

१९६९ मध्ये दिल्लीहून 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिक निघाले. एक अंक गल्लीत पाच घरे फिरे आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत मधली पाने गेलेली असत. इंग्रजी कच्चे, पण नकाशा वाचायला इंग्रजी लागत नाही. तांबे चढवलेल्या पाटीवर जोडणी रेखाटायची, जिथे तांबे राखायचे तिथे नेलपॉलिश लावायचे आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात हलवत बसायचे. ज्या मोरीत हे केले तिची फरशी आजही तांबूस आहे. नेलपॉलिश कोणाचे होते, हा वाद पन्नास वर्षांनी राखी पौर्णिमेला अजून निघतो.

याच सुमारास शहरच बदलत होते. १९६७ मध्ये अय्यगारी सांबशिव राव यांच्या पुढाकाराने इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, म्हणजे आपले ईसीआयएल, उभे राहिले. १९६९ मध्ये तिथून टीडीसी-१२ हा देशात आखलेला संगणक बाहेर पडला. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून थेट खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला : सहा राज्ये, २४०० खेडी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी छत्री, आणि खाली ईसीआयएलने केलेला संच. आंध्र आणि कर्नाटक त्या सहांत होते. कार्यक्रमाची धुरा वाहणाऱ्यांत एकनाथ वसंत चिटणीस होते, हे आमच्या वडिलांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवले होते. गंमत अशी की हैदराबाद शहरात दूरदर्शन केंद्र आले ते त्यानंतर, १९७७ मध्ये. खेड्यांनी टीव्ही आधी पाहिला.

ईसीआयएलमध्ये आपल्या मोहल्ल्यांतली बरीच मुले लागली. त्यांच्या सत्काराच्या भाषणांत नेहमी कॉलेजचे आणि गुरुजनांचे नाव येई. ते योग्यच आहे. पण गुजराती गल्लीतल्या त्या गादीवरच्या माणसाचे नाव एकदाही आले नाही, हे आम्हाला तेव्हाही खटकले होते. आणखी एक गोष्ट निसटते. आमच्या वाड्यातल्या एक बाई जोडणी विभागात कामाला होत्या. कशिदा सुरेख करायच्या. आमची डाख पाहून त्या म्हणाल्या, "अरे, हा गोळा झाला. डाख पाण्यासारखी पसरली पाहिजे, तारेला चिकटून बसायला नको." त्यांनी एकदा करून दाखवली. त्या दिवसानंतर आमच्या जोडण्या सुटल्या नाहीत. हौशी मंडळींच्या आठवणींत सगळे पुरुषच असतात. आमच्याही लेखात आतापर्यंत तेच झाले आहे.

आता खोका.

आमच्या लहानपणी मंडपात धावते दिवे होते ते यंत्राने. लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या, रूळ पंख्याच्या मोटरीने फिरायचा आणि पट्टी ज्या तारेला टेकेल ती माळ पेटायची. लुकलुकते दिवे हवे असतील तर बल्बच्या रांगेत ट्यूबलाइटचा स्टार्टर. दिसायला छान, पण रुळावर ठिणग्या उडत आणि आसपासच्या प्रत्येक रेडिओत दहा दिवस भाजल्यासारखा तडतड आवाज. बातम्या ऐकणारे म्हातारे मंडपात येऊन भांडत.

१९७२ मध्ये अमेरिकेत सिग्नेटिक्स कंपनीने हान्स कामेनझिंड यांनी आखलेली ५५५ ही आयसी बाजारात आणली. आठ पायांची, ठरावीक अंतराने ठोका देणारी. आपल्याकडे ती परवडेपर्यंत १९८० उजाडले. तिच्या जोडीला ४०१७ : ठोका आला की दहा पायांपैकी एकेक पाय क्रमाने जागा करणारी. पाचवा पाय परत 'रिसेट'ला जोडला की चारच घरांत फिरते. ५५५ चा वेग एक कंडेन्सर आणि दोन रेझिस्टर ठरवतात. १० मायक्रोफॅरड, १ किलोओहम आणि १० किलोओहम धरले तर सेकंदाला सुमारे सात ठोके. एका रेझिस्टरच्या जागी फिरते बटण लावले की आरतीला संथ आणि रात्री मुलांसाठी जलद. ४०१७ चा पाय नाजूक, म्हणून मध्ये एक बीसी १४७ ट्रान्झिस्टर, आणि त्यापुढे २३० व्होल्टची माळ चालू-बंद करणारा ट्रायॅक. प्रत्येक माळेत चाळीसच्या आसपास सहा व्होल्टचे बल्ब एकामागे एक. एक गेला की सगळी माळ अंधारात, आणि तो एक शोधणे हे कार्यकर्त्याचे खरे काम.

ही जोडणी आमच्या चौथ्या मित्राने केली. झाकणावरचे अक्षर त्याचे. तो आता नाही. पण पहिल्या वर्षी झाकणावर काही लिहिलेले नव्हते.

त्या वेळच्या मासिकांत स्वस्तातली जी जोडणी छापून यायची तीत ट्रान्सफॉर्मर नसे. घरातली वीज एका कंडेन्सरने उतरवून आयसीला द्यायची. चालते उत्तम. पण मग आयसीचा नऊ व्होल्टचा भागही २३० च्या तारेला थेट बांधलेला असतो. मीटरने मोजाल तर नऊ दिसेल. हात लावाल तर भिंतीतली वीज लागेल. आम्हाला पुस्तकातून हे माहीत होते, हाताला माहीत नव्हते. गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी वेगाच्या बटणाची प्लॅस्टिकची टोपी निघून पडली होती आणि सातवीतल्या एका मुलाने उघड्या लोखंडी दांड्याला हात लावला. पावसाने जमीन ओली. तो उभ्या फळीवरून मागे फेकला गेला, म्हणून सुटला. हाताला भाजले, दोन दिवस बोलला नाही. मुलाची आई मंडपात आली आणि आमच्या मित्राकडे नुसते पाहून निघून गेली.

अध्यक्षांनी मेन स्विच काढून फ्यूज खिशात घातला. उरलेले दिवस समया आणि पेट्रोमॅक्सवर गेले. कोणी कोणाला बोलले नाही. मित्राने वर्षभर कशालाच हात लावला नाही; आम्हाला वाटले, सुटली त्याची हौस. पुढच्या श्रावणात तो हा सागवानी खोका घेऊन आला. आयसीला वेगळा ट्रान्सफॉर्मर. आयसी आणि ट्रायॅक यांच्यामध्ये चार एमओसी ३०२१ : आतमध्ये एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला उजेडाने चालू होणारे बटण, मध्ये तार नाही, फक्त उजेड. बटणाचा दांडा नायलॉनचा. खोका लाकडी, आतला ट्रान्सफॉर्मर आणि पत्रा अर्थिंगला. अध्यक्षांसमोर त्याने दिवे चालू ठेवून स्वतःची बोटे त्या बटणावर आणि आयसीच्या पायांवर ठेवून दाखवली, मग झाकण लावून आमच्यासमोर ती अक्षरे रंगवली. त्या मुलाच्या आईलाही बोलावले होते. ती आली.

तो पुढे परवाना काढून हौशी रेडिओचालक झाला. त्यासाठी तेव्हा मॉर्सची परीक्षा असे, मिनिटाला पाच शब्द; तो टेबलावर चमच्याने सराव करायचा. १९८३ मध्ये हैदराबादेत हौशी रेडिओची राष्ट्रीय संस्था निघाली होती, तिथे त्याचे जाणे-येणे होते. याचा उपयोग काय, असे आम्हीच त्याला विचारायचो.

१९९३ च्या अनंत चतुर्दशीला हुसेनसागरावरून विसर्जन करून आम्ही उशिरा परतलो. खोका माळ्यावर चढवला आणि घरी जाऊन निजलो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास भांडी वाजली. सकाळी किल्लारीचे नाव कळले. आपल्यातल्या किती घरांची मुळे लातूर, उस्मानाबाद, नांदेड, बीदरची आहेत हे सांगायला नको. टेलिफोन लागत नव्हते. त्या भूकंपात देशातल्या हौशी रेडिओचालकांनी संदेश पोचवण्याचे काम केले. आमचा मित्र इथेच, स्वतःच्या गच्चीवरच्या खोलीत, ४० मीटरवर कान लावून बसला. मंडळाच्या खोलीत एक वही ठेवली. लोक त्यात गावाचे आणि माणसांचे नाव लिहून जात, तो ती नावे पुढे सांगे. चार दिवस त्याची बायको जेवण वर नेऊन देत होती. वहीत अठ्ठावीस नावे होती. एकोणिसांची उत्तरे आली. त्यांतली सगळी चांगली नव्हती, आणि ती घरोघर जाऊन सांगण्याचे काम त्याने दुसऱ्या कोणावर सोपवले नाही.

ती वही आमच्याकडे आहे. खोका माळ्यावर कधी गेला आणि परत का उतरला नाही, हे आम्हा तिघांनाही नेमके आठवत नाही. तयार चिनी माळा आल्या, त्यांचा वेग त्यांच्याच डबीत ठरलेला; एवढे मात्र खरे. आजच्या मुलांना हौस नाही असे आम्ही म्हणणार नाही. कार्यकारिणीतल्या एका मुलीने नखाएवढ्या पाटीवर प्रोग्रॅम लिहून सभामंडपाचे दिवे फोनवरून चालवून दाखवले आहेत. तिला ४०१७ ठाऊक नव्हती. आम्हाला तिचा प्रोग्रॅम कळला नाही. दोघांनी एकमेकांना थोडे शिकवले.

तिच्याच मदतीने गेल्या महिन्यात खोका उघडला. आधी शंभर वॅटचा बल्ब रांगेत लावून मग वीज दिली, जुन्या सामानाला तशीच देतात. ५५५ चा कंडेन्सर सुकला होता, एक ट्रायॅक गेलेला. दोन्ही गुजराती गल्लीतच मिळाले. बाकी सगळे त्याने लावले तसे आहे, डाखेचा एकही गोळा नाही. माळा लावल्या, दिवे धावतात. फक्त तिसऱ्या आणि चौथ्या माळेच्या तारांची अदलाबदल झाली आहे, त्यामुळे उजेड एका जागी अडखळतो. त्याने खुणांचा कागद झाकणाच्या आत चिकटवला होता, तो कसरीने खाल्ला. चतुर्थीपर्यंत लागेल. मंडपाच्या डाव्या खांबाशी ठेवणार आहोत. मुलांना दुरून दाखवावा, आणि ज्यांच्या घरी जुनी परवान्याची पुस्तके किंवा गॅलेनाचा खडा असेल त्यांनी तो उत्सवात घेऊन यावा, आम्ही रोज आरतीनंतर तिथेच बसलेले असू.